कातडी नसलेला हात

भिंगऱ्याला बसता येत नसे. म्हणजे तो बसायचा, पण बसल्याबरोबर एक गुडघा हलू लागायचा, मग टेबल हलायचं, मग टेबलावरचा कप, आणि शेवटी समोरचा माणूस वैतागून म्हणायचा, "अरे बाबा, ऊठ एकदाचा आणि चक्कर मारून ये." या पोराच्या पायाला भिंगरी आहे, असं आईनं त्याच्या लहानपणीच जाहीर करून टाकलं होतं. पन्नाशी उलटली तरी तो भिंगऱ्याच राहिला. लग्न एकदा ठरत आलं होतं. मुलीनं निरोप पाठवला, माणूस चांगला आहे, पण त्याच्याकडे बघून मला गरगरतं. झालं, तो विषय तिथंच मिटला.

कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या केंद्रात तो कारागीर होता. पाय बनायचे खालच्या मजल्यावर, मोठ्या हॉलमध्ये. हात वरच्या लांबट खोलीत, आणि त्या खोलीत तो एकटा. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे साचे, प्रत्येक साच्यावर पेन्सिलीनं माणसाचं नाव. सगळ्या खोलीवर पिठासारखी धूळ. खिडकीजवळ घासायचं यंत्र, आणि त्याच्या शेजारी एक खण, ज्यात कातडीच्या रंगाचे रबरी हातमोजे. रंग पुष्कळ होते, पण एकही कुठल्या जिवंत माणसाचा नव्हता. हात पुरा झाला की त्यावर पावडर लावून तो मोजा चढवायचा, ही कामाची शेवटची पायरी. भिंगऱ्याचा पारा नेमका तिथं चढायचा. "इतकं नाजूक घड्याळ करायचं," तो म्हणायचा, "आणि त्याला उशीचा अभ्रा घालायचा!"

हे वेड त्याला कुठून लागलं ते आत्ताच सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा प्रकार निव्वळ मूर्खपणा वाटेल.

तो विशीत असताना कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीत एक खोका आला. बोटीवर नोकरी करणारं एक गिऱ्हाईक तो ठेवायला म्हणून देऊन गेलं, ते पुन्हा उगवलंच नाही. खोक्यात जपानी कार्टूनच्या कॅसेटी होत्या. थिएटरात न लागलेल्या, टीव्हीवर न दाखवलेल्या, थेट व्हिडिओच्या दुकानांसाठीच काढलेल्या. कार्टून म्हटल्यावर लायब्ररीवाल्यानं पहिली कॅसेट एका आईला दिली, मुलांना दाखवा म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या बाईनं ती काउंटरवर आपटली आणि त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. त्यानंतर खोक्याला कोणी हात लावेना. भिंगऱ्यानं तो अख्खा घरी आणला.

पडद्यावर एक शहर होतं. इमारतींवर इमारती चढलेल्या, मध्ये पाइपांचं आणि वायरींचं जंजाळ, खाली ओल्या रस्त्यांवर गुलाबी-निळ्या दिव्यांचे ओघळ. त्या शहरावर कुणा बड्या कंपनीची मालकी, आणि त्यात धावणारी माणसं अर्धी हाडामांसाची, अर्धी यंत्राची. स्पष्टच बोलायचं तर त्यांतल्या निम्म्या फिल्मा टाकाऊ होत्या. बायकांच्या अंगावर कपडे टिकत नसत आणि पुरुषांच्या डोक्यात विचार. गोष्ट मध्येच सुरू होई आणि मध्येच संपे, कारण पुढचा भाग निघायच्या आत काढणाऱ्यांचं दिवाळं वाजलेलं असे. खाली पिवळ्या अक्षरांत कोणा हौशी जिवानं केलेलं इंग्रजी भाषांतर, तेही कंटाळा आला की गप्प बसे. चित्र थरथरे, तळाशी मुंग्यांची रांग चाललेली.

पण त्यातली एकेक वायर कोणीतरी हातानं काढली होती. चाळीस मिनिटांची फिल्म, जी कोणी पाहील की नाही याचा भरवसा नाही, तिच्यातल्या एका कोपऱ्यातल्या जिन्याखालच्या पेटीवरचा गंजसुद्धा कोणीतरी जीव ओतून रंगवला होता. वरून कोणी बघणारं नाही म्हटलं की माणूस एकतर पाट्या टाकतो किंवा पिसाटतो. हे लोक पिसाटले होते. आणि त्या शहरात कोणी म्हणून स्वस्थ बसत नसे. जो तो निघालेला. कुठे, ते त्यालाही ठाऊक नसे. आपल्याच जातकुळीची माणसं भिंगऱ्यानं पहिल्यांदा बघितली ती तिथं. शिवाय तिथं लोखंडी हात कोणी झाकत नसे. बोटं वळली की सांधे दिसत, आतली तार ताणलेली दिसे, आणि धातूवरून दिवे सरकत जात.

त्या खोक्यापायीच तो कॉलेज अर्धवट टाकून या केंद्रात शिकाऊ म्हणून लागला होता. कॅसेटींचं वेड घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण हे कारण त्यानं कुणाला कधी सांगितलं नाही. सांगून कोणाला पटणार होतं!

आता त्याच्या भाचीकडे वळू. थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी, घरात तिचं नाव मुंगी. सतत काहीतरी उचलून कुठंतरी नेत असायची म्हणून. "मामावर गेलीय," ताई म्हणायची, आणि ते कौतुक नव्हतं. मुंगी एका छापखान्यात बाइंडिंग खात्यात होती, कागद कापायच्या यंत्रावर. त्या यंत्राला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे पातं खाली येताना हात बाहेरच राहतात. कामाची घाई असली की सगळे जण एका बटणात लाकडाची पाचर ठोकतात आणि एका हातानं काम उरकतात. मुंगीनंही ठोकली. डावा हात मनगटाच्या वरून गेला.

रडणं, धावपळ, इस्पितळ, सगळं झालं. जखम भरली. छापखान्याच्या मालकीणबाई स्वतः येऊन सांगून गेल्या, महिनाअखेरपर्यंत तुझी जागा राखते, त्यापुढे नाही. शाळेच्या पुस्तकांचा हंगाम तोंडावर आला होता, टेबल रिकामं ठेवून त्यांचं भागणार नव्हतं. बोलल्या त्या खऱ्या आणि वाकडं काही बोलल्या नाहीत. पण मुंगीला ते शब्द कुसळासारखे टोचत राहिले. घरात बसून तिनं एका हातानं सगळी कपाटं उपसली, पुन्हा लावली, पुन्हा उपसली.

"अगं, बस ना जरा," ताई म्हणायची.

"बसून काय करू? अंडी उबवू?"

तिचा हात भिंगऱ्याच करणार यात शंका नव्हती. ताईनं भावाला दाराशीच गाठलं. "हे बघ, हुबेहूब कर. चारचौघांत कोणाला कळता कामा नये. रंग नीट बघून घे, तुमचे ते मोजे मेलेल्या माणसासारखे दिसतात."

"बरं, बरं," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्या मनात दुसराच हात तयार व्हायला लागला होता.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. कृत्रिम हाताच्या टोकाला दोनच प्रकार लागतात. एक बोटांचा पंजा, दुसरा आकडा: दोन वाकड्या पोलादी पात्यांचा चिमटा, दिसायला ओबडधोबड. पाठीवरून दुसऱ्या खांद्याला पट्टा जातो, पट्ट्याला तार, खांदा पुढे केला की तार ओढली जाते आणि चिमटा उघडतो. पंजा दिसतो बरा, पण जड, आणि धरलेली वस्तू त्याच्या बोटांआड दिसेनाशी होते. आकड्यानं सुई उचलता येते. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला भिंगऱ्या स्वतः बजावायचा, "मिरवायचं असेल तर पंजा, राबायचं असेल तर आकडा." वर्षानुवर्षं हेच वाक्य. आणि सख्ख्या भाचीची वेळ आली तेव्हा हाच माणूस ते वाक्य पार विसरला.

त्यानं पंजा केला. कातडी नसलेला. केंद्राचं काम संपलं की थांबून, स्वतःच्या हौसेनं, एकेक पेर कानशीनं घासून. सांध्यांत पितळी खिळे, तारा उघड्या, मनगटाशी एक छोटी फिरती कडी. खांदा पुढे केला की पाची बोटं एकामागून एक उलगडत, टिक टिक टिक टिक टिक. ते बघून खालचे पाय बनवणारे वर आले आणि आळीपाळीनं तार ओढून बघू लागले. भिंगऱ्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. जेवण नाही, झोप धड नाही, चेहरा मात्र उजळलेला.

मुंगी आली. सॉकेटची पोकळ वाटी उरलेल्या हातावर चढली, पट्टा बसला. तिनं खांदा पुढे केला. बोटं उलगडली.

"अय्या," ती म्हणाली. एवढंच. पण तिचे डोळे चमकले, आणि भिंगऱ्याला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

ताईनं तोंडावर पदर धरला. "अरे, हे काय भूत केलंस! कातडं कुठाय?"

"नाहीच घालायचं. लपवायचं कशाला? तिनं काय चोरी केलीय?"

"उद्या हिला बघून पोरंटोरं पळतील!"

"पळू देत. मोकळी जागा होईल."

त्यांचं जुंपलं असताना मुंगीनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. छापखान्यातून मागून आणला होता. मोठा छापील ताव घडी घालून घालून सोळा पानांचा होतो, त्याला फर्मा म्हणतात, आणि बाइंडिंगमध्ये सगळा खेळ फर्म्यांचा. तिनं ताव टेबलावर पसरला, पंज्यानं कोपरा धरायला गेली. कागद बोटांखाली गेला तो दिसेना. चुरगळला. दुसरा घेतला. खांदा पुढे, खांदा मागे, पाच बोटं सावकाश मिटली आणि ताव मध्ये फाटला. तिसऱ्याला तिच्या कपाळावर घाम आला. चौथा तिनं घेतलाच नाही.

"मामा," ती म्हणाली, "हा हात माझ्यासाठी केलास की तुझ्या त्या कार्टूनसाठी?"

भिंगऱ्या म्हणाला, "कार्टून म्हणू नकोस त्याला."

हे तो बोलून गेला आणि जिभेला विंचू चावल्यासारखा येरझाऱ्या घालू लागला. कारण उत्तर त्यातच आलं होतं.

मुंगीनं पट्टा सोडला, हात टेबलावर ठेवला. "महिना संपत आलाय. आता मी काय दाखवू बाईंना? टिकटिक?"

"मी दुसरा करतो."

"काय करतोस? आधी दाखव तरी मला. कशापायी माझे दिवस घालवलेस, ते कळू दे."

रविवारी सकाळी ती त्याच्या खोलीवर आली. एक खाट, एक टीव्ही, आणि त्याच्याइतकाच म्हातारा होत आलेला व्हिडिओ प्लेयर, ज्याचं झाकण कायम उघडं, कारण दर दोन महिन्यांनी त्याचं काहीतरी बिनसायचं. भिंगऱ्यानं पडदा ओढला, सगळ्यांत चांगली कॉपी निवडली, आणि परीक्षेला बसल्यासारखा भिंतीला टेकून उभा राहिला. फिल्ममधली बाई निरोप्या होती, शहराच्या एका टोकाचं पाकीट दुसऱ्या टोकाला पोचवणारी. डावा हात लोखंडी. कंपनीची माणसं तिच्या मागावर.

मुंगी सुरुवातीला नुसती टोमणे मारत होती. "हिला थंडी वाजत नाही का रे?... हा मेला मघाशीच नव्हता का मेला?... आणि मामा, एक सांग, इतक्या वेळात हिनं एकदा तरी शर्टाचं बटण लावलंय का?"

"शर्ट कुठंय तिला."

"तेच म्हणते मी. म्हणून हात सुंदर."

तो हसला नाही. पण हळूहळू तिचे टोमणे कमी झाले. पाठलाग चालला होता, जिने, गल्ल्या, छपरं, आणि मग कुठंच काही घडत नाही असा एक लांब तुकडा आला. ओला रस्ता. दिव्याची पाटी, तिचं एक अक्षर फडफडतंय. ती बाई नुसती चालते आहे. संगीत म्हणजे एकच सूर, कुठंतरी दुरून. मुंगी खाटेच्या काठावर सरकली.

"ही कुठं चाललीय?"

"पुढच्या भागात कळणार होतं. तो निघाला नाही."

"म्हणजे अजून चालतेच आहे?"

"तीस वर्षं."

"चांगलंय," मुंगी म्हणाली. मग एकदम ओरडली, "थांब! मागे घे. आणखी मागे."

दृश्य अगदी बारकं होतं. ती बाई एका दाराआड टेकते, कोपराशी काहीतरी सैल झालेलं, ती दातांत स्क्रूड्रायव्हर धरते, मान वाकडी करून स्क्रू पिळते, थुंकते, आणि निघते. भिंगऱ्यानं ते शंभरदा पाहिलं असेल. दर वेळी तो हाताकडे बघायचा. त्या चकाकीकडे.

"बघितलंस?" मुंगी म्हणाली. "ही कोणाला विचारत नाही. कुठं जाऊन रांग लावत नाही. तिचं तीच करते. मला हे पाहिजे."

"हेच तर मी केलं होतं..."

"अरे, तो हात नाही! तो तू केलास, तुटला तर तुझ्याकडे यायचं, तू नसलास तर बोंबलायचं. मला आकडा दे. तो ओबडधोबड, कुणाला दाखवला तर भूक मरेल असा. आणि तो खोलायचा कसा, जोडायचा कसा, ते शिकव. तू करून द्यायचं नाहीस. शिकवायचं."

भिंगऱ्या भिंतीपासून सुटला. तो खाटेवर टेकला, पुन्हा उठला, टीव्ही बंद करायला गेला, तो न करता परत आला. इतकी वर्षं तो ज्याच्या प्रेमात होता ते या पोरीनं एका बैठकीत त्याच्या नाकासमोरून उचलून नेलं होतं. राग यावा की आनंद व्हावा ते त्याला ठरवता येईना. "दातांनी स्क्रू फिरवायचा नाही," तो शेवटी म्हणाला. "दात पडतात."

पुढचे दिवस ती रोज केंद्रात आली. आकडा साधाच घेतला, कपाटातला. त्याच्या आतल्या बाजूला रबराची नळी चढवतात, म्हणजे धरलेलं निसटत नाही. ती नळी मुंगीनं स्वतः कापली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. तार तुटते कुठं, ते त्यानं मुद्दाम तोडून दाखवलं. तिनं शिव्या देत देत नवी ओवली. एकदा तर तिनं चिमट्याचं एक टोक घासायच्या यंत्रावर धरून चपटं केलं, कागदाच्या घडीत शिरावं म्हणून. भिंगऱ्या "अगं, अगं" करत धावला, आणि मग बघत राहिला, कारण ते टोक खरोखरच घडीत शिरत होतं. कातडी नसलेला पंजा तिथंच फळीवर पडला होता. एक दिवस तिला मनगटाशी फिरती कडी हवी होती. "त्याची काढू?" तिनं विचारलं. त्यानं क्षणभर दुसरीकडे पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर तिच्याकडे सरकवला.

ताईनं मात्र शेवटपर्यंत हार मानली नाही. कातडीच्या रंगाचा एक पंजा तिनं भावाकडून करून घेतलाच, लग्नकार्याला वापर म्हणून. मुंगीनं तो कपाटात ठेवला आणि आईचा गालगुच्चा घेतला. आकड्यानं. ताई किंचाळली आणि मग हसली. असं तिला हसताना त्या घरात बऱ्याच दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं.

महिनाअखेर उजाडली. भिंगऱ्या तिच्याबरोबर छापखान्यात गेला. बाहेरच थांब, असं तिनं बजावलं होतं. तो आत आला. मशिनची धडधड, शाईचा आणि खळीचा वास, कागदाचे गठ्ठे छताला भिडलेले. मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि आकड्याकडे सरळ पाहिलं.

"ह्यानं होईल?"

"बघा तुम्हीच."

तिनं ताव घेतला. खांदा जरासा पुढे, चिमट्यानं कोपरा उचलला, उजव्या हातानं ओढला, चपट्या टोकानं घडी दाबत नेली. एक. दोन. तीन. फर्मा तयार झाला. सरळ, कडा जुळलेल्या. पण शेजारच्या टेबलावरच्या बाईचे तेवढ्यात चार फर्मे झाले होते, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

मालकीणबाई फसवणाऱ्यांतल्या नव्हत्या. "घडी छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हंगामात मला ही चाल परवडायची नाही. आणि कटिंगला तुला मी आता घालणार नाही, वाद घालू नकोस. असं कर, मोजणीला बस. खुर्ची आहे, पंखा आहे, गठ्ठे मोजायचे आणि बांधायचे. जन्मभर बस, मी काढणार नाही."

चांगली गोष्ट होती. कोणीही घेतली असती. भिंगऱ्यानं सुस्कारासुद्धा सोडला. मुंगीनं त्या खुर्चीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"बाई, बसायचं सोडून काहीही द्या."

"म्हणजे काय?"

"जुळवणी कोण करतंय सध्या?"

जुळवणी म्हणजे त्या खात्यातलं सगळ्यांनी टाळलेलं काम. लांबलचक टेबलाभोवती पुस्तकाचे फर्मे क्रमानं मांडलेले असतात. टेबलाभोवती चालायचं, प्रत्येक ढिगातला एकेक फर्मा उचलायचा, फेरी पुरी झाली की एक पुस्तक जुळतं. मग पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर. पायांचे तुकडे पडतात. माणसं महिन्यादोन महिन्यांत पळून जातात, हंगामात तर हमखास.

"कोणी नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "तुला जमेल? दिवसभर चालायचंय."

"बाई, घरात बसून मी कपाटांशी बोलायला लागले होते."

मालकीणबाईंनी एकदा भिंगऱ्याकडे पाहिलं. तो जिथं उभा होता तिथून तीन पावलं सरकून परत आला होता, ते त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. "मामाच का हे?" त्यांनी विचारलं. "वाटलंच." आणि चष्मा पुन्हा नाकावर घेत त्या म्हणाल्या, "फर्मा वरखाली झाला तर पुस्तक परत येतं. मुलं ओरडतात आधी, मग मास्तर, मग मी."

"होणार नाही."

मुंगी टेबलाशी गेली. उजवा हात कोपरात वाकवून छातीशी धरला, म्हणजे जुळलेले फर्मे त्यात मावतील, आणि पहिल्या ढिगाशी थांबून खांदा सैल केला. चिमट्याला वरचा एकच फर्मा सापडला पाहिजे, दोन नाही. तिनं टोक तिरकं घातलं. एक उचलला. पुढचा ढीग. मग पुढचा. पाचव्याला दोन आले. तिनं एक परत टाकला, स्वतःलाच एक शिवी दिली आणि पुढे निघाली. कोपरा वळताना तिचा वेग वाढला. दारापाशी मालकीणबाई कोणाला तरी सांगत होत्या, तिला पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि त्या मामांना बाहेर काढा, मध्ये मध्ये येतायत. पहिलं पुस्तक जुळलं. ते तिनं ठोकून सरळ केलं, टेबलाच्या टोकाला ठेवलं आणि त्याच्याकडे वळूनही न बघता पुन्हा पहिल्या ढिगाकडे निघाली.